निळा गणवेश

गेल्या महिन्यात कर्वे रस्त्याच्या मागच्या एका लहानशा सभागृहात विद्यार्थ्यांचे चार माहितीपट दाखवले. तिसरा एका बाईंवर होता. नैराश्याचा जुना आजार, दोनदा इस्पितळात राहून आलेल्या, आता घरी शिवणकाम करतात. फिल्म बावीस मिनिटांची आणि तिच्यावरचं भांडण पाऊण तासाचं. भांडणाचा विषय बाई नव्हत्या, रंग होता. अख्खी फिल्म पोलादी निळ्या छटेत बुडवलेली, चेहरे राखाडी, मशीनवरचं कापड कुठल्या रंगाचं ते कळू नये इतकं विटलेलं. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले: माहितीपट म्हणजे वास्तव, त्याला रंग चोपडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? पुढून उत्तर आलं की रंग ही दिग्दर्शकाची भाषा आहे, उद्या तुम्ही चित्रकारालाही निळा का वापरलास म्हणून जाब विचाराल. तिसऱ्या एकांनी दोघांना गप्प करत सुनावलं की विशीतल्या पोरांनी या विषयाच्या वाटेला जाऊच नये. टाळ्या तिघांनाही पडल्या. एरवी पुण्यात टाळ्या इतक्या स्वस्त नसतात.

त्या बाईंनी स्वतः ही फिल्म पाहिली आहे का, हे मात्र कुणी विचारलं नाही. त्या सभागृहात नव्हत्या. मीही विचारलं नाही. मला प्रश्न सुचला तो परतताना म्हात्रे पुलावर, म्हणजे कुणाच्याही उपयोगाचा नाही अशा वेळी.

हा वाद दिग्दर्शक आणि प्रेक्षक असा लढवला जातो, आणि ज्याचा चेहरा पडद्यावर आहे तो माणूस त्यात पक्षकारच नसतो. माझं मत असं आहे की मानसिक आजारावरच्या माहितीपटात संमती कॅमेऱ्यापाशी संपत नाही. ती कलरच्या टेबलापर्यंत, म्हणजे एडिटनंतर फिल्मच्या छटा जिथं ठरवतात तिथपर्यंत, यायला हवी. फिल्मचा रंग पक्का करण्याआधी तो त्या माणसाला दाखवावा, आणि त्याचा चेहरा, त्याचं घर यांच्या रंगाबाबत त्याचा शब्द अखेरचा मानावा. हे मी बाहेरून सांगत नाही. लग्नाचे व्हिडिओ, दागिन्यांच्या जाहिराती आणि परीक्षेच्या तोंडावर ‘सर, उद्या सबमिशन आहे’ म्हणत येणाऱ्या मुलांच्या फिल्म्स यांचं कलर करण्यात माझी बारा वर्षं गेली आहेत. त्यातल्या काही फिल्म्स मी निळ्या केल्या आहेत.

आधी मागच्या रांगेतल्या गृहस्थांचं पाहू, कारण त्यांची बाजू ऐकायला सर्वांत सोपी वाटते. आहे तसं दाखवा. पण ‘आहे तसं’ म्हणजे कुठलं? मुलं हल्ली लॉगमध्ये शूट करतात. त्यात कॅमेरा जाणूनबुजून फिकं, दुधात पाणी घातल्यासारखं चित्र नोंदवतो, नंतर छटा काढायला वाव राहावा म्हणून. त्याला हात लावला नाही तर जे दिसेल तसं जगात कुणालाही कधी दिसलेलं नाही. लॉग नसेल तर ऑटो व्हाइट बॅलन्स असतो, आणि त्याची मर्जी दर मिनिटाला बदलते: माणूस खिडकीकडून ट्यूबकडे वळला की त्याचा गाल निळ्याचा हिरवट होतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर हवं. कुणीतरी १/६० वर ठेवलं की ट्यूबच्या उजेडात भिंतीवर पट्टे सरकायला लागतात. यातलं वास्तव कुठलं? आणि कॅमेऱ्याचा हिशेब मुळातच निःपक्षपाती असतो हेही खरं नाही. कोडॅकच्या फिल्मच्या जमान्यात प्रयोगशाळांमधून रंग जुळवायला जी नमुन्याची कार्डं असत, त्यांवर कित्येक वर्षं गोऱ्या बाईचाच फोटो असे. तिची कातडी बरोबर छापून आली की यंत्र बरोबर. सावळ्या माणसांचे चेहरे मग चिखलासारखे आले तरी यंत्राची चूक धरली जात नसे. रंगाला हात न लावणं म्हणजे आधी कुणीतरी लावून ठेवलेल्या हातावर विश्वास टाकणं. त्या गृहस्थांचा राग मला कळतो, उपाय पटत नाही.

पुढच्या रांगेची बाजू जास्त भक्कम आहे, आणि ती मी निम्मी मान्य करतो. रंग ही भाषा आहे यात शंका नाही. निळा-राखाडी हा निव्वळ आळशी संकेत आहे असंही म्हणता येणार नाही. नैराश्यातून गेलेली माणसं सांगतात की जगाचा रंगच उडाला होता, आणि ते केवळ बोलण्यापुरतं नसावं: जर्मनीत फ्रायबुर्गच्या संशोधकांनी २०१० मध्ये नोंदवलं की नैराश्याच्या रुग्णांचा डोळ्यातला पडदा काळ्यापांढऱ्यातल्या फरकाला कमी प्रतिसाद देतो. मग दिग्दर्शकानं तो अनुभव रंगातून पोचवला तर बिघडलं कुठं?

बिघडतं ते नजरेचा मालक कोण या प्रश्नापाशी. त्या बाईंना जग निळं दिसत होतं असं फिल्म म्हणत नव्हती. फिल्म म्हणत होती की बाई निळ्या आहेत. कॅमेरा त्यांच्याकडे पाहत होता, त्यांच्या डोळ्यांतून नव्हे. आमच्या कामात व्हेक्टरस्कोप नावाचा एक गोल आलेख असतो, त्यावर एक तिरकी रेषा आखलेली असते. गोरा असो, काळा असो, माणसाच्या कातडीची छटा साधारण त्या रेषेलगत पडते, कारण कातडीखालचं रक्त सगळ्यांचं एकाच रंगाचं. चेहरा त्या रेषेवरून निळ्याकडे ढकलला की बघणाऱ्याला कारण न कळता अस्वस्थ वाटतं. कथापटात प्रेत दाखवायचं असतं तेव्हा आम्ही हेच करतो. शिवणकाम करून घर चालवणाऱ्या जिवंत बाईला तेच लावलं, तर त्याला भाषा म्हणण्याआधी त्या भाषेत काय म्हटलं गेलंय ते वाचून पाहावं.

इथं मला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आठवतो. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या घडणीत पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतल्या अभ्यासकांचा मोठा हात होता, आणि त्यांचं लॉ कॉलेज व आपली फिल्म इन्स्टिट्यूट एकाच रस्त्यावर आहेत. पण या दोन आवारांचं एकमेकांशी बोलणं होत असावं असं फिल्म्स बघून वाटत नाही. कायद्याचं कलम २४ सांगतं की मानसोपचार संस्थेत उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येणार नाही. हे मुलांना साधारण ठाऊक असतं, म्हणून तर ती संमतिपत्र घेऊन फिरतात. त्यांनी न वाचलेलं कलम आहे विसावं. क्रूर आणि अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षण देणाऱ्या त्या कलमात बारीकसारीक गोष्टींची यादी आहे, आणि त्यात दोन आहेत: रुग्णाचं डोकं सक्तीनं भादरायचं नाही, आणि त्याला स्वतःचे कपडे घालायचे असतील तर संस्थेचा गणवेश लादायचा नाही. हे कायद्यात का लिहावं लागलं असेल? कारण गणवेश चढवला की माणसाचं नाव-गाव जातं आणि फक्त आजार उरतो. तो निळा लुक हा असाच गणवेश आहे, शूटिंग संपल्यावर चढवलेला. बाईंनी त्या दिवशी अंगावर कुठली साडी घातली होती ते आता फिल्ममधून कळायला मार्ग नाही. वॉर्डात जे करायला कायद्यानं मनाई आहे ते आपण लॅपटॉपवर रात्री दीड वाजता एका लटनं (LUT, म्हणजे एका क्लिकसरशी फिल्मला लागणारा तयार रंगसाचा) करतो. कायद्याचं कलम माझ्या लॅपटॉपला लागू नाही हे मला कळतं. पण गणवेश का नको याचं कारण लॅपटॉपपाशी बदलतं का?

आणि ‘विषयच गडद आहे, रंग गडद येणारच’ असं म्हणणाऱ्यांनी याच शहरातल्या दोन माणसांचं काम आठवावं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ २००४ चा, स्किझोफ्रेनियावरचा. त्यातल्या शेष या नायकाचं वेड कोकणातल्या हिरव्या राईत गुंतलेलं. पुढे ‘कासव’मधला नैराश्यातला मुलगा समुद्रकाठी येऊन राहतो, आणि त्या चित्रपटाला २०१७ मध्ये सुवर्णकमळ मिळालं. ते कथापट, आपण बोलतोय माहितीपटांबद्दल, हे मान्य. पण आजाराला एकच रंग असतो ही समजूत कुणाची, एवढं तरी त्यावरून विचारता येतं.

ती समजूत जुनी आहे. १८५० च्या दशकात इंग्लंडमधल्या सरे परगण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात ह्यू डायमंड हा डॉक्टर रुग्णांचे फोटो काढायचा. चेहऱ्यावरून आजार वाचता येतो अशी त्याची खात्री होती, आणि १८५६ मध्ये त्यानं रॉयल सोसायटीपुढे तसा निबंध वाचला. १८५८ मध्ये जॉन कोनोली या डॉक्टरांनी वेडाच्या मुद्रांवर लेखमाला लिहिली तेव्हा त्यातले फोटो शिळाछापाची चित्रं करून छापले गेले, म्हणजे माणूस आणि वाचक यांच्यामधे एका चित्रकाराचा हात आला. तो त्या काळचा कलरिस्ट म्हणायला हरकत नाही. पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळात शार्को या डॉक्टरच्या देखरेखीखाली हिस्टेरियाच्या स्त्रियांचे अल्बमच्या अल्बम निघाले. चेहऱ्यावरून निदान करण्याची ती कल्पना शास्त्रात टिकली नाही, आमच्या एडिटिंगच्या टाइमलाइनवर मात्र मजेत नांदते आहे. पण डायमंडच्या बाबतीत एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यानं फोटो रुग्णांनाही दाखवले. आपलं खरं रूप पाहून त्यांना बरं व्हायला मदत होते असं त्याचं म्हणणं होतं. ते बरोबर की चूक ते सोडा. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्या काचेच्या निगेटिव्हच्या खटाटोपात जे जमलं, ते आज व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवून आपल्याला जमत नाही.

आता खरा अवघड आक्षेप. माणसाला त्याच्या प्रतिमेवर अधिकार दिला की फिल्मची जाहिरात होईल. सगळे म्हणतील मला छान दाखवा, माझं घर छान दाखवा. शिवाय ‘खासगीपणा’ हा शब्द सत्ताधाऱ्यांच्या फार सोयीचा असतो. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण फ्रेडरिक वाइझमन यांच्या १९६७ च्या ‘टिटिकट फॉलीज’चं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिजवॉटर इथल्या मनोरुग्ण कैद्यांच्या इस्पितळात ते चित्रण झालं. नागडे ठेवलेले रुग्ण, त्यांची टर उडवणारे रखवालदार, सगळं त्यात होतं. राज्य सरकारनं कोर्टात सांगितलं की यात रुग्णांच्या खासगीपणाचा भंग होतो, आणि १९९१ पर्यंत तो माहितीपट सर्वसामान्य लोकांना पाहता आला नाही. ज्यांनी त्या माणसांना कपडेसुद्धा दिले नव्हते त्यांना एकाएकी त्यांच्या अब्रूची काळजी वाटू लागली! हा आक्षेप मी हलका लेखत नाही. आपल्याकडे तमिळनाडूतल्या एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या एका आश्रमात ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं मेली. तिथं आधी कुणी कॅमेरा घेऊन गेलं असतं आणि चालकांनी ‘रुग्णांच्या खासगीपणा’चं कारण दिलं असतं, तर आपण कुणाच्या बाजूनं उभं राहायला हवं होतं?

पण या उदाहरणात संमती कोण नाकारतंय ते पाहा. संस्था, सरकार, चालक. मी अधिकार मागतोय तो त्यांच्यासाठी नाही. डॉक्टर, अधीक्षक, इतकंच काय भाऊ-वहिनी यांनाही तो नको. आणि मागतोय तोही अख्ख्या फिल्मवर नाही. वॉर्डाच्या भिंतीवरची ओल, तुटका नळ, साखळी यांच्यावर कुणाचा नकाराधिकार नसावा. हा चेहरा माझा आणि ही भिंत माझ्या घरची, एवढ्यापुरताच तो आहे.

राहिलं जाहिरातीचं भय. त्याला उत्तर म्हणून मला माझाच पराक्रम सांगावा लागेल; हे लिहायला संबंधितांची परवानगी आहे, पेठेचं नाव सोडून.

दोन वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाची एक मुलगी तिची फिल्म घेऊन आली. जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या, तिथं राहणारे एक काका, वय सेहेचाळीस, स्किझोफ्रेनियाला वीसेक वर्षं झालेली, गोळ्या नियमित, सकाळी बाइंडिंगच्या दुकानात काम. सोबत आई. मुलीचं शूटिंग दोन वेळा झालेलं, एकदा जुलैच्या पावसात आणि एकदा ऑक्टोबरात, त्यामुळे एकाच खोलीचे शॉट दोन घरांचे वाटत होते. ते जुळवायला वेळ नव्हता आणि आठ बिटचं, म्हणजे रंगांची माहिती कमी असलेलं, फुटेज फार ताणलं की फाटतं. मी नेहमीचा मार्ग पत्करला: सगळ्यावर थंड लुक, रंग निम्म्यावर, कडा काळ्या. निळ्यात सगळं जुळतं. मानसिक आजारावरच्या इतक्या फिल्म्स निळ्या का असतात याचं एक कारण कला नसून हेच आहे, आणि ते आमच्या धंद्यातलं कुणी चारचौघांत कबूल करत नाही.

मुलगी हट्टी निघाली. सबमिशनच्या आदल्या दिवशी काका आणि त्यांच्या आई, म्हणजे आजी, यांना रिक्षानं माझ्याकडे घेऊन आली. काका खुर्चीच्या कडेवर बसून शेवटपर्यंत एकटक बघत होते. मग त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, “त्या दिवशी लाइट गेली होती का आमच्याकडे?” टोमणा नव्हता, त्यांना खरंच आठवत नव्हतं. आजी म्हणाल्या, “नाही रे, हिच्यासाठी शिरा नाही का केला होता मी, केशर घालून.” शिऱ्याची बशी फ्रेममध्ये होती. तिच्यात शाडू भरल्यासारखा दिसत होता. काकांच्या बोटांवर बाइंडिंगची खळ वाळलेली होती, त्यांच्या रोजच्या कामाची खूण. माझ्या निळ्यात ती कोड फुटल्यासारखी दिसत होती. आणि मागची भिंत मुळात पोपटी आहे हे मला फुटेज चार वेळा पाहूनही कळलं नव्हतं.

आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. काकांना शेजारी बसवलं. महागातला महाग रेफरन्स मॉनिटर जे सांगू शकत नाही ते त्यांना ठाऊक होतं. मी भरपाई म्हणून भिंत जरा जास्तच पोपटी केली, तर ते म्हणाले, “एवढी नवी नाही हो. खाली पोपडे आलेत ना, ते दिसू देत.” जाहिरातीची भीती घालणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात घ्यावं. माणसाला आपलं घर गुळगुळीत करून नको असतं, ओळखू यावं एवढंच हवं असतं. शेवटी एक रात्रीचा शॉट होता, काका खाटेवर बसलेले, डोक्यावर ट्यूब. आवाज ऐकू येण्याबद्दल ते त्यात बोलतात. मी तोही उजळायला घेतला. “तो नका करू,” ते म्हणाले. “तो काळाच ठेवा. तेव्हा लाइट होती, पण मला दिसत नव्हतं काही.” पुढच्या रांगेवाल्यांना हवा असलेला अंतर्मनाचा रंग तो हाच. फक्त तो ज्याचं मन त्यानं दिला होता.

यावर वकिली प्रश्न येतो: असा माणूस संमती द्यायला समर्थ आहे का? आज हो म्हणेल, उद्या आजार उसळला की विसरेल. कायदा याबाबत आपल्यापेक्षा पुढे गेलेला आहे. माहिती समजून घेता येत असेल, परिणामांचा अंदाज येत असेल किंवा निर्णय कळवता येत असेल तर मानसिक आजार असलेला माणूसही उपचारांचे निर्णय घ्यायला सक्षम धरला जातो, असं त्याचं चौथं कलम म्हणतं; पाचव्या कलमानं तर बरं असताना पुढच्या आजारपणातल्या उपचारांविषयी आधीच लिहून ठेवायची सोय दिली आहे. स्वतःला शॉक द्यावा की नाही हे जो ठरवू शकतो, तो भिंत पोपटी की निळी हे ठरवू शकत नाही? उलट अवस्था बदलते म्हणूनच एका सहीवर भागत नाही. शूटिंगच्या वेळी एकदा, एडिट झाल्यावर एकदा आणि रंगानंतर एकदा विचारावं लागतं. आणि संमतिपत्र मराठीत हवं. इंग्रजी कागदावर कुणाच्या तरी आजींचा अंगठा घेऊन आलेली मुलंही मी पाहिली आहेत.

चेहरा लपवायचा असेल तर काय, हा पोटप्रश्न. लपवावाच लागतो कधीकधी. घरमालक, दुकानाचे शेठ, बहिणीचं लग्न. पण चेहऱ्यावर धुरकट ठिपका टाकला की बातम्यांत बुरखा घालून कोर्टात नेतात तो आरोपी आठवतो. पुण्यात ‘येरवडा’ म्हटलं की तुरुंग आणि मनोरुग्णालय दोन्ही आलं, आणि ‘याला येरवड्याला पोचवा’ म्हणणारा त्यातलं कुठलं ते सांगत बसत नाही. त्यात आपण आणखी भर घालू नये. हात दाखवा, पाठमोरं घ्या, चपलांचा जोड दाखवा.

पोरांनी या वाटेला जाऊच नये म्हणणाऱ्या तिसऱ्या गृहस्थांना माझं फार उत्तर नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. म्हणजे चाळीस जणांच्या वर्गात हा विषय आधीच येऊन बसलेला असतो, बहुधा मागच्या बाकावर. जे विद्यार्थी असली फिल्म करायला घेतात त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी कुणीतरी असतं. पहिल्या दिवशी सांगत नाहीत, तिसऱ्या चहाला सांगतात. त्यांना वेळ कमी असतो, पैसे नसतात हे खरं. पण आम्ही काकांबरोबर बसलो ते सगळं मिळून साडेतीन तास. तेवढा वेळ मुलं यूट्यूबवरून लट शोधण्यात घालवतात.

त्या फिल्मला गुण बरे पडले. शेऱ्यात परीक्षकांनी लिहिलं होतं की लुक सुसंगत नाही, शेवटचा एकच शॉट अचानक इतका काळा का, याचं समर्थन मिळत नाही. मी मुलीला म्हटलं, “अगं, मग लिहून दे की कारण. दोन ओळींचं काम आहे.” ती म्हणाली, “ते त्यांनी तुम्हाला आणि मला सांगितलंय, सर. कॉलेजला सांगायचं तर काकांना विचारायला हवं.” आणि शनिवारी, बाइंडिंगचं दुकान बंद झाल्यावर, विचारायला गेली.